सायकल ट्रॅक ठेवावेत की काढून टाकावेत?

पर्वती_पायथा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मुंबईच्या बीकेसीतले (वांद्रे-कुर्ला संकुलातले) सायकल ट्रॅक काढून तिथे गाड्यांसाठी जास्तीची मार्गिका करायचं एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २०२५ मध्ये ठरवलं, ही बातमी बहुतेकांनी वाचली असेल. तेव्हापासून पुण्यातही तीच भाषा कानावर यायला लागली आहे. सातारा रस्त्यालगतच्या आमच्या भागातल्या काही सोसायट्या आणि दुकानदार मिळून एक निवेदन तयार करताहेत. मागणी अशी की वापरात नसलेला सायकल ट्रॅक काढावा आणि ती जागा पार्किंगला आणि वाहतुकीला द्यावी. सह्यांचा कागद इमारतीत फिरतोय. मी सही केलेली नाही, करणारही नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. रविवारी बैठक आहे आणि तिथे मला बोलायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात मांडते. पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर २०१७ मध्ये पालिकेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. तो ८०० किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा आहे. रस्त्यावर मात्र आपल्याला दिसतात ते तुकडे, कुठे चौकाच्या अलीकडे संपणारे, कुठे एखाद्या सोसायटीच्या भिंतीपासून अचानक सुरू होणारे. असा तुकडा ओस पडला तर तो पुढच्या तुकड्याला जोडायचा की उखडून टाकायचा? मला वाटतं जोडायचा.

तुमच्या भागातला ट्रॅक कसा आहे, तो कोण वापरतं आणि काढला तर त्या माणसांचं काय होईल, हे वाचायला आवडेल. विरोधी मतं तर हवीच आहेत. फक्त पक्षांवर घसरू नका ही विनंती.

---

शेवंतीची_वेणी

वाचतेय. चांगला विषय.

---

लेन_कापू

काढाच. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

कात्रज ते स्वारगेट माझा रोजचा रस्ता, चारचाकीने. मध्ये बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका), कडेला फुटपाथ, त्याला लागून सायकल ट्रॅक आणि उरलेल्या पट्ट्यात बाकीचं सगळं शहर. ट्रॅकवर मला दिसतात लावलेल्या दुचाक्या, नारळपाण्याची गाडी आणि गर्दी झाली की उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकली. सायकलवाले मुख्य रस्त्यावरूनच जातात. ज्यांच्यासाठी बांधला तेच वापरत नसतील तर ती जागा अडवून काय साधलं?

शहरात नोंदलेली वाहनं २०१८ मध्येच ३६ लाखांच्या पुढे गेली, लोकसंख्येहून जास्त. आता तर विचारायला नको. या लोकांना कामावर जायचं आहे. रस्ता आखताना आज जे रस्त्यावर आहेत त्यांचा आधी विचार व्हायला हवा.

---

कर्वे_रोडचा_कंटाळा

लेन_कापू यांना +१

---

पेडलवाली

लेन_कापू, तुम्ही साधारण नऊ-साडेनऊला निघत असणार. त्या वेळेला सायकली कमी असतात हे खरंच आहे. पहाटे साडेपाच ते सात या वेळात एकदा येऊन बघा. दूधवाले, पेपरवाले, पाळी बदलून घरी निघालेले वॉचमन, अप्पर इंदिरानगर-बिबवेवाडीकडून कामाला येणाऱ्या मावशी. यांच्यापैकी कुणी हेल्मेट आणि लायक्रा घालत नाही, म्हणून ते ‘सायकलिस्ट’ म्हणून कुणाच्या मोजणीत धरले जात नाहीत.

मी स्वतः कॉलेजला सायकलने जाते. ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावर का उतरते ते सांगते. दर सोसायटीच्या गेटपाशी ट्रॅक खाली जातो आणि परत वर येतो. मध्येच चेंबरचं झाकण, कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली. कुठे विजेचा डीपी बॉक्स ट्रॅकच्या बरोब्बर मध्ये. चौक आला की ट्रॅक संपतो तो असा की खाली उतरायला उतारच नाही, सायकल उचलून ठेवावी लागते. पाठीवर दप्तर, कॅरिअरला डबा, मागून पीएमपीची बस. मी मुख्य रस्ता आवडीने धरत नाही. भीती वाटते, तरी धरते, कारण तिथे निदान सलग जाता येतं.

ट्रॅक काढला तर माझी आई मला सायकल चालवू देणार नाही. गाडी घ्यावी लागेल. म्हणजे तुमच्या पुढे आणखी एक अ‍ॅक्टिव्हा.

---

रात्रपाळी

पेडलवाली ताईंनी पहाटेचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. माझ्याकडे सुरक्षा रक्षकांच्या पाळ्या लावायचं काम आहे. आमची बरीच पोरं मराठवाड्यातून आलेली, पाच-सहा जण मिळून खोली घेतात. पहिला पगार झाला की जुन्या बाजारातून सायकल. रात्री अकराला किंवा पहाटे सहाला पाळी सुटते, त्या वेळी बस मिळेलच असं नाही, आणि रिक्षाचं भाडं रोज देणं त्या पगारात बसत नाही.

त्यांच्या सायकलला मागे दिवा नसतो. अंधारात मुख्य रस्त्यावरून जाणारा असा माणूस ट्रकवाल्याला शेवटच्या क्षणी दिसतो. ट्रॅक कसाही असला तरी रात्री तो रिकामा असतो आणि आमची पोरं त्याच्यावरूनच येतात. सह्यांच्या कागदावर यांचं नाव कधीच येणार नाही, कारण ते कुठल्याच सोसायटीचे सभासद नाहीत.

---

गल्ला

माझं दुकान आहे या रस्त्यावर, म्हणून दुसरी बाजू लिहितो. निवेदनावर माझी सही आहे.

सगळ्यांना दुकानदार म्हणजे अतिक्रमणवाला वाटतो. पण माल उतरवायचा कुठे, हे एकदा कुणीतरी सांगा. टेम्पो रस्त्यावर उभा केला की मागे हॉर्न आणि दंड. ट्रॅकवर चढवला की तुम्ही मंडळी फोटो काढता. गिऱ्हाईक दुचाकीवर येतं, दोन मिनिटं थांबतं, सामान घेऊन जातं. ते दोन मिनिटं थांबण्याची जागाच राहिली नाही तर ते मॉलमध्ये जाईल किंवा मोबाइलवरून मागवेल. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्यांनी आमचं आधीच कंबरडं मोडलंय.

सायकलला माझा विरोध नाही. दुकानात कामाला असलेला पोरगा सायकलनेच येतो. पण रस्ता आखताना दुकानाचा विचार कुठल्याच नकाशात दिसला नाही.

---

नकाशा

मी रस्ते आखणीच्या कामात बरीच वर्षं होतो, आता निवृत्त. जरा लांब लिहितो, कारण ‘ट्रॅक काढला की लेन मिळते’ या समजुतीवर हे सगळं निवेदन उभं आहे.

आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक फुटपाथच्या उंचीवर, फुटपाथला चिकटून आहेत. ट्रॅक आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये कर्बस्टोन, पावसाळी गटाराची जाळी, पथदिव्यांचे खांब आणि बऱ्याच ठिकाणी झाडं येतात. ट्रॅकची रुंदी साधारण दोन मीटर, अनेक ठिकाणी त्याहून कमी. गाडीच्या एका लेनला तीन ते साडेतीन मीटर लागतात. म्हणजे ट्रॅक काढून पूर्ण लेन मिळत नाही. खांब, गटार, झाडं सगळं हलवलं तरी जेमतेम दुचाक्यांच्या पार्किंगची एक रांग मिळते आणि ती रांग आत-बाहेर करणाऱ्या गाड्यांमुळे कडेच्या लेनचा वेग आणखी कमी होतो.

दुसरं, कोंडी रस्त्याच्या मधल्या भागात होत नाही. ती चौकात होते. सिग्नलला हिरवा दिवा जेवढे सेकंद, तेवढ्याच गाड्या सुटणार. दोन चौकांमध्ये रस्ता फूटभर रुंद केला तर सिग्नलपाशी उभी राहणारी रांग रुंद होते, प्रवास लवकर होत नाही.

आता ट्रॅक वापरात का नाही. पेडलवाली यांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट तांत्रिक दोष आहे आणि प्रत्येकावर उपाय आहे. गेटपाशी ट्रॅक खाली न्यायचा नसतो. ट्रॅक त्याच पातळीवर ठेवून गाडीला छोटा उतार द्यायचा असतो, म्हणजे गाडी चढताना आपोआप हळू होते आणि सायकल सपाट जाते. पेव्हर ब्लॉकऐवजी डांबर किंवा काँक्रीट हवं, कारण ब्लॉक खचतात आणि त्यांच्या सांध्यांचे धक्के मनगटाला बसतात. चेंबरची झाकणं पृष्ठभागाच्या पातळीत बसवणं हे देखरेखीचं काम आहे, त्याला वेगळा निधी लागत नाही.

बोलार्डचा, म्हणजे वाट अडवायला रोवलेल्या खांबांचा, प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. दुचाकी आत येऊ नये इतके जवळ लावले तर दोन्ही बाजूंना कॅन लावलेला दूधवाला अडकतो. लांब लावले तर अ‍ॅक्टिव्हा घुसते. रुंदीत दोघांचा फारसा फरकच नाही. त्यामुळे दुचाक्या नुसत्या लोखंडी खांबांनी थांबत नाहीत, त्यासाठी कारवाई लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा चौक. सायकलवाला सरळ जाणार असतो, त्याच्या उजव्या हाताची गाडी डावीकडे वळते आणि त्याला आडवी येते. जीव जाण्याचा धोका सर्वांत जास्त तिथे असतो आणि आपला ट्रॅक नेमका त्याच जागेच्या अलीकडे संपतो. जिथे संरक्षण सर्वांत जास्त हवं तिथेच ते नाही. म्हणून सायकलवाला ट्रॅकवर विश्वास ठेवत नाही.

स्पेनमधलं सेव्हिया शहर बघा. त्यांनी २००६ नंतर तीन-चार वर्षांतच सुमारे ८० किलोमीटरचं सलग, जोडलेलं जाळं एकदम बांधलं. आधी तिथे सायकली नगण्य होत्या, काही वर्षांत त्या कित्येक पटींनी वाढल्या. उन्हाळा तिथलाही कडक असतो. फरक पडला तो जाळं एकाच वेळी जोडलं गेल्यामुळे.

---

शेवंतीची_वेणी

नकाशा साहेब, हा प्रतिसाद छापून बैठकीत वाटायला हवा.

---

लेन_कापू

नकाशा, माहितीपूर्ण लिहिलंत, धन्यवाद. पण तुम्ही आदर्श ट्रॅकचं सांगताय. मी आज जो आहे त्याचं बोलतोय. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी आली तेव्हाही बरोबर सायकल ट्रॅक होता. मग त्याची पुन्हा दुरुस्ती, पुन्हा नव्याने बांधणी. दर वेळेला ‘या वेळी नीट करू’. नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग २०२३ मध्ये काढलाच ना? एखादी गोष्ट इतकी वर्षं जमत नसेल तर ती आणखी किती वर्षं अडवून धरायची?

---

बीकेसी_रोजचा

बीकेसीत नोकरी करतो, म्हणून तिथलं लिहितो.

बीकेसीचा ट्रॅक २०११ च्या सुमाराला झाला. चकाचक होता सुरुवातीला. पण बीकेसीत राहणारे किती? सगळे येतात कुर्ला किंवा बांद्रा स्टेशनवरून. स्टेशनपासून बीकेसीपर्यंतचा रस्ता म्हणजे शेअर रिक्षा, बस, चालणाऱ्यांची झुंबड. तिथे सायकल चालवायला जागा नाही आणि ठेवायलाही नाही. सुरक्षित ट्रॅक सुरू होतो तो ऑफिसच्या दारात पोहोचल्यावर. मुख्य पाइपलाइन न जोडता घरातले नळ बसवायचे आणि मग पाणी येत नाही म्हणून नळच काढून न्यायचे, असा हा प्रकार झाला.

ट्रॅकवर पुढे गाड्या लागायला लागल्या, चालणारेही चालायचे. मग ‘कुणी वापरत नाही’ हा निष्कर्ष सोपा झाला. तो ट्रॅक स्टेशनला जोडून कधी चालवून बघितलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या बैठकीत हे नक्की सांगा.

---

जुना_बिल्ला

आमच्या वेळी ट्रॅक वगैरे काही नव्हतं आणि पुणं सायकलींचं शहर होतं. सदाशिव पेठेतून खडकीला कारखान्यात जाणारे लोक सायकलने जात. सकाळी लक्ष्मी रस्त्यावर घंट्यांचा नुसता गजर. तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, वहीत नाव लिहायचं आणि निघायचं. सायकलला बिल्ला लागायचा, तो नसला की पोलीस हवा सोडायचे. संध्याकाळी दिवा नसला तर दंड, डबलसीट दिसलं तर दंड. आम्ही चौकाच्या अलीकडे मित्राला उतरवायचो आणि पलीकडे पुन्हा बसवायचो.

मग लुना आली, स्कूटर आली. आधी नंबर लावून वाट बघावी लागायची, नंतर हप्त्यावर दारात मिळायला लागल्या. सायकल मागे पडली ती लोक आळशी झाले म्हणून नाही. उपनगरं लांब गेली, कारखाने लांब गेले आणि रस्त्यावर सायकलवाल्याचा जीव धोक्यात आला. तेव्हा ट्रॅक लागत नव्हता कारण रस्ताच आमचा होता.

---

हनुमान_टेकडी

काका, चौकाच्या अलीकडे उतरवायची युक्ती आम्ही पण केली आहे, आमच्या वेळी बाइकवर ट्रिपल सीटला!

अवांतर: रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्ता आठवतो. १९७६ ला झाला आणि पुढे कित्येक पावसाळे त्याला खड्डा नाही.

---

कर्वे_रोडचा_कंटाळा

जेएम रोडचं नाव निघालंच पाहिजे, त्याशिवाय पुण्याच्या रस्त्यांचा कुठलाच धागा पूर्ण होत नाही. :)

---

नकाशा

अवांतर आहे पण उत्तर देतो. जेएम रोड टिकला कारण काम चांगलं झालं आणि कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. सायकल ट्रॅकलाही तशीच हमी का मागू नये? चेंबर खचलं, ब्लॉक निघाले, की ज्याने बांधलं त्याने ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायचं. निवेदनात ही मागणी घालता येईल.

आणि त्याच रस्त्याची पुढे नव्याने रचना झाली तेव्हा फुटपाथ रुंद झाले, बसायला जागा झाल्या. संध्याकाळी तिथे किती म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात ते बघा. दुकानं बंद पडली का?

---

गल्ला

जेएम रोडची दुकानं आणि आमची दुकानं यात फरक आहे साहेब. तिथे लोक फिरायला येतात. माझ्याकडे तांदळाचं पोतं न्यायला येतात.

---

मेपलपान

टोरांटोहून. आमच्याकडे सध्या हाच वाद पेटलेला आहे, म्हणून लिहिते.

ओंटारिओ प्रांताने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला. ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या टोरांटोतल्या तीन मोठ्या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढण्याची तरतूद त्यात होती. कारण दिलं ते वाहतूक कोंडीचं. सायकल टोरांटो ही संघटना आणि काही सायकलस्वार कोर्टात गेले. ३० जुलै २०२५ ला ओंटारिओच्या सुपीरियर कोर्टाने निकाल दिला की संरक्षित लेन अशा काढणं कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या सातव्या कलमाच्या, म्हणजे जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काच्या विरोधात आहे. लेन काढल्याने कोंडी कमी होईल याला आधार नाही, आणि सरकारला मिळालेला तज्ज्ञांचा सल्लाही तेच सांगत होता, हे न्यायाधीशांनी नोंदवलं. सरकारने अपील करायचं ठरवलं. कोर्टाने नवी लेन बांधायची सक्ती कुणावर केलेली नाही. पण आहे ती काढायची तर ठोस कारण दाखवा, असा त्याचा रोख आहे.

गल्ला दादा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. ब्लूरवर २०१६ मध्ये लेन आली तेव्हा तिथल्या दुकानदारांनाही हीच भीती होती. आधी आणि नंतर तिथे पाहणी झाली, तर गिऱ्हाइकांची संख्या आणि त्यांचा खर्च दोन्ही वाढलेले आढळले. लांबून गाडीने येणाऱ्यांपेक्षा जवळपासचे, चालत किंवा सायकलने येणारे लोक पुन्हा पुन्हा येतात. पुण्याला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण दुकान बुडेल हे गृहीत धरू नका.

---

गल्ला

मेपलपान ताई, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. पण तुमच्याकडे टेम्पो उभा करायला मागे गल्ली असेल. माझ्या दुकानाच्या मागे भिंत आहे आणि भिंतीच्या मागे नाला. माझा प्रश्न मालाचा आहे, तो अजून कुणी सोडवला नाही.

---

हळूहळू_चला

माझा प्रश्न वेगळा आहे आणि या चर्चेत तो आला नाही म्हणून लिहिते.

माझ्या सासऱ्यांना पक्षाघातानंतर व्हीलचेअर लागते. संध्याकाळी त्यांना बाहेर न्यायचं म्हटलं की फुटपाथ चालत नाही. दर वीस पावलांना पायरी, मध्ये झाडाचं आळं, पुढे दुकानाची फरशी. त्यामुळे मी खुर्ची सायकल ट्रॅकवरून नेते. सायकलवाले घंटी वाजवतात, मी बाजूला घेते. कधी भांडण झालेलं नाही. बाबागाडीवाल्या आया, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळे तिथेच असतात. सायकलींच्या मोजणीत आम्ही नाही, पण ट्रॅक काढला की आमचाही रस्ता जातो.

खरं तर फुटपाथच सरळ हवा, म्हणजे सायकलींची जागा आम्हाला अडवावी लागणार नाही. ते होईपर्यंत आहे ते काढू नका, हात जोडून सांगते.

---

पेडलवाली

ताई, तुमच्यासाठी आम्ही घंटी वाजवणार नाही, थांबू.

---

रात्रपाळी

हळूहळू_चला ताईंच्या प्रतिसादाने डोळ्यांत पाणी आलं. रविवारी तुम्ही जमलं तर बैठकीला या आणि हे स्वतः सांगा.

---

टायर_बसलाय

भाड्याच्या सायकलींचं कुणी लिहिलं नाही. २०१७-१८ मध्ये औंध, विद्यापीठ, नंतर शहरभर रंगीबेरंगी सायकली आल्या होत्या, अ‍ॅपवरून उघडायच्या. लोक वापरत होते, मुलं तर तुटून पडली होती. वर्ष-दोन वर्षांत गायब. तेव्हा ट्रॅक सलग असते तर त्या टिकल्या असत्या असं माझं ठाम मत आहे. सायकल एका रात्रीत आणून उभी करता येते. रस्ता तयार व्हायला वर्षं लागतात. आपण क्रम उलटा केला.

---

लेन_कापू

हळूहळू_चला यांचं पटलं. व्हीलचेअरला जागा हवीच, त्यावर वाद नाही. पण मग तिला फुटपाथच म्हणा, रुंद करा, नीट करा. सायकलीच्या नावाने वेगळी पट्टी कशाला?

---

नकाशा

कारण वेग वेगळा असतो. चालणारा ताशी चार-पाच किलोमीटर, सायकल पंधरा-वीस, गाडी चाळीस-पन्नास. सायकल चालणाऱ्यांत घातली तर ती म्हाताऱ्यांना धडकते, गाड्यांत घातली तर तिला गाडी धडकते. संध्याकाळची गर्दी आणि कॉलेजची पोरं एका पट्टीत आली की काय होतं ते सारसबागेच्या बाहेर उभं राहून बघा.

आणखी एक, बैठकीसाठी महत्त्वाचं. स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, साधारण साडेपाच किलोमीटरचा टप्पा. मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज ही स्टेशनं मूळ मंजुरीतच आहेत. म्हणजे स्टेशनांच्या आसपासचा रस्ता उकरला जाणार आणि परत बांधला जाणार. बीकेसीत जे राहून गेलं ते इथे करता येईल. धनकवडी, बिबवेवाडी, सहकारनगरातून स्टेशनपर्यंत सलग ट्रॅक आणि स्टेशनच्या दारात राखणदार असलेला सायकल स्टँड. पुणे मेट्रोत सायकल आत नेता येते, पण रोज जिने चढवून कोण नेईल? तिला खाली सुरक्षित ठेवता आलं तर बिबवेवाडीचा माणूस सायकलने स्टेशनला येईल.

रस्ता परत बांधताना ट्रॅक नकाशावरच नसेल तर तो पुन्हा कधीच येत नाही. हे मी नोकरीत अनेकदा बघितलं आहे. एकदा काढलेली जागा परत मिळत नाही, म्हणून आज निवेदन देऊन ती सोडू नका.

---

बीकेसी_रोजचा

नकाशा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला कडक अनुमोदन.

---

जुना_बिल्ला

स्टेशनपाशी स्टँड हवा आणि त्याचं भाडं परवडणारं हवं. पूर्वी सिनेमा थिएटरबाहेर सायकल स्टँडवाला खडूने नंबर लिहायचा आणि बिल्ला हातात द्यायचा. सायकल हरवायची नाही.

---

पर्वती_पायथा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे छापून घेतले आहेत.

रविवारी मी हे मांडणार आहे. निवेदनात ‘वापरात नसलेला’ असं लिहिलंय, पण मोजणी कुणीच केलेली नाही. ती आधी व्हावी, पहाटे, दुपारी आणि रात्री पाळी सुटते त्या वेळीही, आणि तिच्यात व्हीलचेअर, बाबागाड्या, चालणारे सगळे धरावेत. ट्रॅक काढण्याऐवजी आमच्या पट्ट्यातली गेटं सपाट करावीत, डीपी बॉक्स हलवावा, चौकात उतार द्यावा, आणि कामाला ठरावीक वर्षांची हमी घ्यावी. मेट्रोचं काम झाल्यावर रस्ता परत बांधताना ट्रॅक स्टेशनला जोडलेला हवा, हे आत्ताच लेखी मागावं. रात्रपाळी दादा, तुमच्या मुलांपैकी दोघं-तिघं बैठकीला आले तर फार बरं होईल. सभासद नसले तरी रस्ता त्यांचाही आहे.

गल्ला दादांच्या मालाच्या प्रश्नावर माझा प्रस्ताव असा: सकाळी सात ते नऊ माल उतरवायला मुख्य रस्त्याच्या कडेला आखलेली जागा, ट्रॅकवर नाही. चालेल का?

---

लेन_कापू

मोजणी होणार असेल तर माझी हरकत नाही, उलट पाठिंबा. पण संध्याकाळी सहा ते आठ गाड्यांचीही मोजणी करा, म्हणजे दोन्ही बाजू कागदावर येतील. आणि आकडे सायकलींच्या बाजूने आले नाहीत तर तेही इथे लिहा.

---

पर्वती_पायथा (धागाकर्ती)

लिहीन, शब्द देते. पण पहाटे साडेपाचला मोजायला माणसं हवीत. येणार का?

---

लेन_कापू

येतो. पद्मावतीच्या बस थांब्यापाशी.

---

पेडलवाली

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी येतो. बालाजीनगरच्या बाजूला आम्ही उभ्या राहू.

---

गल्ला

सात ते नऊ चालणार नाही. भुसार माल मार्केट यार्डातून दहाच्या पुढे निघतो. दुपारी एक ते तीन द्या. तेव्हा रस्ताही मोकळा असतो आणि तुमच्या सायकलीही कमी असतात. हे निवेदनात घातलंत तर माझ्या बाजूच्या सगळ्या दुकानदारांशी मी बोलतो. पार्किंगचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही, तो रविवारी समोरासमोर बोलू.